नियम बदला, पण आधी तारीख सांगा

पोलीस खात्यातल्या बढत्यांवरून वाद पेटला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, वीस-पंचवीस वर्षं ऊन-पावसात बंदोबस्त केलेल्या माणसाला ज्येष्ठतेनं फौजदार करा, आता या वयात त्याची परीक्षा कसली घेता? दुसरी म्हणते, नोकरीत नुसती वर्षं भरली म्हणून तपास जमत नाही. परीक्षा घ्या आणि हुशार तरुण अंमलदाराला वर येऊ द्या. त्यात आरक्षणाचा विषय निघाला की चर्चा पंधरा मिनिटांत जातीवर घसरते आणि मग कोण काय मागत होतं हेच कुणाला आठवत नाही. हा वाद मी बरीच वर्षं ऐकत आलो आहे, आणि तो चुकीच्या जागी घातला जातोय असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ज्येष्ठता की परीक्षा, हा प्रश्न धोरणाचा आहे, त्याची दोन-तीन प्रामाणिक उत्तरं असू शकतात. मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयात फायलींचे ढीग लागतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं: कोणत्या दिवशीचा नियम कोणत्या जागेला लागणार, हे आधी कुणी बांधून ठेवलेलं नसतं. सरकारला नियम बदलण्याचा पूर्ण अधिकार असावा. पण तो बदल कधीपासून लागू करायचा, ही तारीख सोयीनं निवडण्याचा अधिकार मात्र सरकारकडे मोकळा राहू नये.

महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षक होण्याचे तीन दरवाजे परंपरेनं चालत आले. निम्म्या जागा लोकसेवा आयोगाच्या सरळसेवेतून, पाव जागा खात्यातल्या अंमलदारांसाठीच्या मर्यादित विभागीय परीक्षेतून आणि उरलेल्या पाव जागा अर्हता परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या ज्येष्ठतेनुसार बढतीनं. प्रत्येक दरवाज्यापाशी उभ्या माणसाचं म्हणणं त्याच्यापुरतं रास्त आहे. पदवी घेऊन पुण्यातल्या अभ्यासिकेत चार वर्षं घासलेल्या मुलाला वाटतं, स्पर्धा खुली हवी. आठ-दहा वर्षं नोकरी करून रात्रपाळीनंतर पुस्तक उघडणाऱ्या शिपायाला वाटतं, मला माझ्या बुद्धीवर वर जाण्याची एक वाट हवी. आणि पन्नाशीला टेकलेला हवालदार म्हणतो, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब होऊन मला सॅल्यूट करायला लावतात, निवृत्तीआधी खांद्यावर दोन स्टार लागले तर कुणाचं काय बिघडतं? यातला मधला दरवाजा कधी बंद करा, कधी पुन्हा उघडा, असं चालत राहतं. २०१३ साली अर्हता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अंमलदारांना तर पुढे कित्येक वर्षं यादीत आपला क्रमांक मोजत बसावं लागलं. त्या काळात त्यांचा नियम नेमका कोणता होता? जो परीक्षेच्या दिवशी होता तो, की ज्या दिवशी फाइल पुढे सरकेल त्या दिवशीचा?

हा प्रश्न पुस्तकी वाटत असेल तर २०१८ चा ऑक्टोबर आठवा. मर्यादित विभागीय परीक्षेतून निवडले गेलेले १५४ जण नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण पूर्ण करून, दीक्षान्त संचलन करून बाहेर पडले आणि त्यांना मूळ पदावर परत जायला सांगण्यात आलं. पदोन्नतीतल्या आरक्षणावरचे न्यायनिर्णय आड आले होते. त्या वेळी वर्तमानपत्रांत जी चर्चा झाली ती आरक्षणाच्या बाजूनं आणि विरुद्ध झाली. दोन्ही बाजूंना एक साधा प्रश्न पडला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, शासनानं स्वतःच्या खर्चानं प्रशिक्षण दिलं, आणि या सगळ्या काळात नियमाची कायदेशीर स्थिती डळमळीत आहे हे मंत्रालयात कुणालाच दिसलं नव्हतं का? दिसलं असेल तर प्रशिक्षणाला पाठवलंच कसं? ज्यांनी याचिका केली त्यांनी आपला हक्क बजावला, ज्यांची निवड झाली त्यांनी अभ्यास करून गुण मिळवले. चूक ज्याची होती त्याला मात्र कुठेही परत जावं लागलं नाही.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं मांडतो, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही. सरकारी नोकरी हा करार नाही. एकदा नेमणूक झाली की नोकराचं स्थान कायदा आणि नियम ठरवतात आणि ते एकतर्फी बदलता येतात, हे रोशन लाल टंडन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६७ सालीच सांगून टाकलं. बढतीची संधी ही सेवाशर्त नाही, हेही जुनं तत्त्व आहे, आणि त्यातला एक गाजलेला खटला आपल्याच मातीतला आहे. हैदराबाद राज्यातून राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्यात आलेल्या मराठवाड्यातल्या तहसीलदारांनी उपजिल्हाधिकारी पदाच्या बढतीच्या नियमांना आव्हान दिलं होतं. १९७३ च्या रामचंद्र शंकर देवधर खटल्यात न्यायालयानं सांगितलं की विचार होण्याचा हक्क वेगळा आणि बढतीची शक्यता वेगळी. शक्यता कमी झाली म्हणून सेवाशर्त बदलली असं होत नाही. पोलिसांपुरतंच बोलायचं तर राजस्थानातले भारतीय पोलीस सेवेचे अधिकारी संत राम शर्मा आपल्याला डावलून कनिष्ठांना वरची पदं दिली म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६७ साली हरले. निवडीच्या पदावर ज्येष्ठतेचा निरंकुश दावा नसतो, गुणवत्ता पाहिली जाते आणि नियम जिथे गप्प आहेत तिथे सरकार प्रशासकीय सूचनांनी पोकळी भरू शकतं, असा तो निकाल. तेव्हा 'मी नोकरीला लागलो तेव्हाचाच नियम मला शेवटपर्यंत लागला पाहिजे' हा युक्तिवाद कायद्यात उभा राहत नाही, आणि राहूही नये. तसं झालं तर १९८५ साली भरती झालेल्यांसाठी एक खातं, २००५ च्यांसाठी दुसरं, अशी पोलीस दलाची थराथरांची इमारत होईल.

हे सगळं मान्य. तरीही एक मधली जागा उरते आणि सगळी मारामारी तिथेच आहे. नियम बदलण्याआधी जी जागा रिकामी झाली, जी तेव्हाच भरायला हवी होती, पण खात्याच्या आळसामुळे भरली गेली नाही, तिचं काय?

जवळजवळ चाळीस वर्षं याचं उत्तर वाय. व्ही. रंगैय्या विरुद्ध जे. श्रीनिवास राव या १९८३ च्या निकालात शोधलं जात होतं. आंध्र प्रदेशातल्या नोंदणी खात्यातली गोष्ट. नियमाप्रमाणे पात्र कर्मचाऱ्यांची यादी दर वर्षी सप्टेंबरात करायची होती. १९७६ ची यादी वेळेवर झाली नाही. १९७७ च्या मार्चमध्ये नियम बदलला, काही कारकुनांची पात्रताच गेली आणि मग यादी झाली. न्यायालयानं सांगितलं, बदलापूर्वी निर्माण झालेल्या जागा जुन्याच नियमांनी भरल्या पाहिजेत. देशभरातल्या सेवाविषयक वकिलांच्या तोंडी रंगैय्याचं नाव बसलं ते तेव्हापासून. पुढे मात्र त्याला अपवाद निघत गेले. सरकारनं जाणीवपूर्वक, सकारण जागा न भरण्याचा निर्णय घेतला असेल तर रंगैय्या लागू नाही, असं के. रामुलू खटल्यात १९९७ साली ठरलं. शेवटी २० मे २०२२ रोजी हिमाचल प्रदेश विरुद्ध राज कुमार या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं रंगैय्याचा निकालच बाजूला सारला. जुनी जागा जुन्याच नियमानं भरावी असं कोणतंही सार्वत्रिक तत्त्व नाही. कर्मचाऱ्याचा हक्क एवढाच, की ज्या दिवशी विचार होईल त्या दिवशी अस्तित्वात असलेल्या नियमानुसार आपला विचार व्हावा.

राज कुमारचा निकाल तर्कदृष्ट्या मला चुकीचा वाटत नाही. रिकाम्या खुर्चीवर कुणाचा मालकी हक्क नसतो हे खरंच आहे. पण त्या निकालानंतर जमिनीवर काय उरलं ते पाहा. नियम सरकारनं करायचा, विभागीय पदोन्नती समितीची बैठक कधी घ्यायची हेही सरकारनं ठरवायचं आणि विचाराच्या दिवशी जो नियम असेल तो लागायचा. म्हणजे क्रिकेटच्या सामन्यात एकाच माणसाकडे फलंदाजी, पंचगिरी आणि डाव कधी सुरू करायचा याची शिट्टी, तिन्ही दिल्यासारखं झालं. बैठक सहा महिने लांबवली, मध्ये नियमात एक दुरुस्ती केली की आख्खी तुकडी यादीबाहेर जाते आणि कायद्याला बोट ठेवायला जागा सापडत नाही. दर वेळी असं मुद्दाम होतं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ज्येष्ठता यादीवरच्या हरकती पडून असतात, गोपनीय अहवाल पूर्ण नसतात, कुठल्या तरी कक्षातला अधिकारी रजेवर असतो. पण आळसाचा आणि कपटाचा परिणाम सारखाच होत असेल, तर ज्याचं नुकसान झालं त्यानं दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? आणि ओळखता येत नाही म्हणूनच तो कोर्टात जातो.

रंगैय्याच्या निकालाचा गाभा, माझ्या वाचनाप्रमाणे, 'जुनी जागा, जुना नियम' हा नव्हताच. वर्षाला एकदा यादी करण्याचं कर्तव्य नियमात लिहिलेलं होतं आणि ते पाळलं गेलं नव्हतं, हा तो गाभा. चाळीस वर्षांत वकिलांनी निष्कर्ष उचलला आणि कारण मागे ठेवलं. न्यायालयानं तो निष्कर्ष आता काढून घेतला असेल, तर कारणाची सोय करण्याचं काम विधिमंडळाचं आहे. न्यायालयानं दिलेलं संरक्षण न्यायालय काढून घेऊ शकतं. नियमात लिहिलेलं संरक्षण काढायचं तर नियमच बदलावा लागतो, आणि तो बदल सगळ्यांना दिसतो.

या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास चमत्कारिक आहे. देशातल्या सेवाज्येष्ठतेच्या कायद्याचे दोन मोठे खांब आपल्या राज्याच्या खटल्यांवर उभे आहेत, आणि ते दोन्ही खटले सरकारच्या दिरंगाईतून जन्मले. पटवर्धन खटल्यात सरळसेवेचे अभियंते परिविक्षा, म्हणजे चाचणीचा काळ, संपली की कायम व्हायचे आणि बढतीनं आलेले वर्षानुवर्षं 'स्थानापन्न', म्हणजे हंगामी, राहायचे. मग ज्येष्ठता कायम झाल्याच्या तारखेवरून मोजली की बढतीवाले आपोआप खाली. पुण्याचे सुपुत्र न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी १९७७ साली लिहिलेल्या निकालात या 'कायम करण्या'ची बोचरी खिल्ली उडवली आहे. सरकारी नोकरीतली ही एक लाजिरवाणी अनिश्चितता असून ती ना माणसाच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते ना रिकाम्या पदांवर, अशा आशयाचं त्यांचं वाक्य आजही सेवाविषयक युक्तिवादात ऐकू येतं. पुढे १९९० साली महाराष्ट्राच्याच अभियंत्यांच्या खटल्यात घटनापीठानं सांगितलं की नियमानुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून मोजायची, कायम झाल्याच्या दिवसापासून नाही. दोन्ही खटल्यांत भांडण सरळसेवा विरुद्ध बढती असं दिसतं. आत डोकावलं तर भांडण तारखेचं होतं.

आणखी एक विसंगती सांगतो, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तेज प्रकाश पाठक विरुद्ध राजस्थान उच्च न्यायालय या खटल्यात ७ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठानं ठरवलं की भरतीची प्रक्रिया एकदा सुरू झाली की पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, मूळ नियमांनी किंवा जाहिरातीनं तशी मुभा दिली असेल तरच. अनुवादकांच्या तेरा जागांची भरती होती. परीक्षेनंतर पंचाहत्तर टक्क्यांची अट लावली आणि एकवीसपैकी तिघेच उरले. तो निकाल योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की जाहिरात वाचून अर्ज भरणाऱ्या बाहेरच्या उमेदवाराला संरक्षण आहे, कारण त्याच्या प्रक्रियेला जाहिरात ही ठळक सुरुवात आहे. मर्यादित परीक्षेला बसलेल्या अंमलदारालाही त्याच आधारे काही दाद मागता येईल. ज्येष्ठतेच्या रांगेतल्या हवालदाराचं काय? त्याच्या प्रक्रियेची सुरुवात कधी झाली? भरती झाला तेव्हा, अर्हता परीक्षा दिली तेव्हा, यादी लागली तेव्हा, की समिती बसली तेव्हा? खात्यात सगळ्यात जास्त काळ थांबलेल्या माणसाच्या वाट्याला सगळ्यात कमी संरक्षण येतं.

विरोधकांचा दुसरा मुद्दा नैतिक आहे आणि तो मला कायदेशीर मुद्द्यापेक्षा जड वाटतो. जुना नियम अन्यायाचा असेल तर? त्याला वर्षभर मुदतवाढ देणं म्हणजे अन्यायाला मुदतवाढ देणं नाही का? १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाचंच पाहा. ठाण्याचा कारभार पाहणारा उपनिरीक्षक शिपायांमधून वर न आणता बाहेरून, शिकलेल्या वर्गातून घ्यावा, ही त्याची शिफारस. त्यातून पोलीस दलात जी वरची-खालची भिंत उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतरही सहजी पडली नाही. शिपाई हा विचार न करता हुकूम पाळणारा माणूस, ही समजूत त्या भिंतीतच मुरलेली. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाला शिपायाच्या बढतीच्या वाटा मोकळ्या करा असं पुन्हा सांगावं लागलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर तिन्ही दरवाजे उघडे असावेत, आणि मधला, परीक्षेचा, कधीच बंद होऊ नये. ज्या खात्यात तिशीतल्या हुशार शिपायाला स्वतःच्या बळावर वर जाता येत नाही तिथे तो वशिला शोधायला लागतो. म्हणजे वाईट नियम लवकर बदलावा असंच मलाही वाटतं.

पण लवकर म्हणजे मागच्या तारखेपासून, असं कुणी सांगितलं? आपल्याकडे याहून कितीतरी मोठी आणि कितीतरी अन्यायकारक हक्कदारी मोडली गेली आहे. गावगाड्यातली वतनं घ्या. देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांची परगणा आणि कुलकर्णी वतनं मुंबई राज्यानं १९५० च्या कायद्यानं रद्द केली. तो कायदा १ मे १९५१ पासून लागू झाला. त्या दिवशी वतनी जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरावीक रक्कम भरल्यावर त्या पुन्हा कब्जेदारांना देण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं. गावच्या बंदोबस्तासाठी पोलीस पाटील उरला तो १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली, वंशपरंपरेऐवजी नेमणुकीनं. शेकडो वर्षांची मिरासदारी मोडताना सरकारनं दिवस नेमला, कायदा केला, काय जाणार आणि काय राहणार ते लिहिलं. यावरही खटले झालेच, जमिनीवर तर आजही चालू आहेत. पण 'अमुक दिवशी वतन होतं की नव्हतं' याबद्दल कुणाला शंका राहिली नाही. पिढीजात हक्क काढताना जी शिस्त सरकारला जमली, ती हवालदाराच्या बढतीचा नियम बदलताना का जमू नये?

ही शिस्त नसली की काय होतं, त्याचा नमुना म्हणजे पदोन्नतीतल्या आरक्षणाचा महाराष्ट्रातला प्रवास. हा विषय निघाला की लोक लगेच बाजू घेतात, म्हणून आधीच सांगतो: घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदातलं पोटकलम ४-अ १९९५ पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी पदोन्नतीत आरक्षण ठेवण्याची मुभा राज्याला देतं, आणि वरच्या पदांवर त्यांचं प्रतिनिधित्व वाढावं हा हेतू मला योग्य वाटतो. पण हेतू योग्य असला म्हणून गृहपाठ माफ होत नाही. २००१ च्या आरक्षण कायद्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यानं २५ मे २००४ चा शासन निर्णय काढला. २००६ मध्ये नागराज खटल्यात घटनापीठानं अटी घातल्या: मागासलेपण सिद्ध करा, प्रतिनिधित्व अपुरं असल्याची आकडेवारी गोळा करा, प्रशासनाच्या कार्यक्षमतेचा विचार करा. अकरा वर्षं गेली. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं २००४ चा शासन निर्णय रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये जर्नैल सिंग निकालानं मागासलेपण सिद्ध करण्याची अट काढली, प्रतिनिधित्वाच्या आकडेवारीची ठेवली. मग ७ मे २०२१ चा शासन निर्णय आला: पदोन्नतीची सगळी रिक्त पदं २५ मे २००४ रोजीच्या सेवाज्येष्ठतेनुसार भरा. सतरा वर्षं मागची तारीख! मधल्या काळात लोक बढती घेऊन, काम करून निवृत्तही झाले होते.

त्या काळापासून महाराष्ट्रातल्या असंख्य पदोन्नती आदेशांत एक वाक्य शिक्क्यासारखं येतं: ही पदोन्नती विशेष अनुमती याचिका क्रमांक २८३०६/२०१७ मधील अंतिम निर्णयाच्या अधीन राहून देण्यात येत आहे. ही याचिका म्हणजे २०१७ च्या निकालाविरुद्ध सरकारनं सर्वोच्च न्यायालयात केलेलं तेच अपील. मागासवर्गीय अधिकारी म्हणतो माझा हक्क टांगणीला लागला, खुल्या प्रवर्गातला म्हणतो माझी ज्येष्ठता टांगणीला लागली, आणि दोघंही खरं बोलतात. नागराजनंतर दोन वर्षांत संवर्गनिहाय आकडेवारी जमवून, नव्या तारखेपासून लागू होणारा नियम केला असता तर यातला किती भाग वाचला असता? आरक्षणाच्या समर्थकांनी खरा जाब हा विचारायला हवा होता. विरोधकांनाही त्यात सामील व्हायला हरकत नव्हती.

कुणी म्हणेल, पोलीस खातं बढत्यांसाठी नसतं, नागरिकांसाठी असतं. साहेब कोण झालं याच्याशी सामान्य माणसाला काय देणंघेणं? हा आक्षेप ऐकायला बाणेदार आहे, पण त्याला कायदा माहीत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांनुसार तपास अधिकारी उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. म्हणजे निरीक्षकपदाची यादी कोर्टात अडकली की ऑनलाइन फसवणुकीत पेन्शनची पुंजी गेलेल्या आजोबांचा तपास अडकतो, आणि उपअधीक्षकांच्या जागा रिकाम्या राहिल्या की एका अधिकाऱ्याच्या गळ्यात दोन-तीन उपविभागांचा अतिरिक्त कार्यभार येऊन अत्याचाराच्या गुन्ह्याचं दोषारोपपत्र लांबतं. बढतीची फाइल मंत्रालयात झोपते तेव्हा तिचा त्रास ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही होतो. खटला जिंकलेल्या अधिकाऱ्याला निदान मानीव दिनांक तरी मिळतो: तुमची बढती अमुक वर्षीच झाली असं समजण्यात येत आहे. थकबाकी बहुधा मिळत नाही, कारण वरच्या पदाचं काम केलेलं नसतं. तक्रारदाराला मात्र कोणता मानीव दिनांक देणार?

मग करायचं काय? सुदैवानं चौकट तयार आहे. आपल्याकडे निवडसूचीचं, म्हणजे बढतीला पात्र ठरलेल्यांच्या यादीचं, वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितल्याप्रमाणे उपअधीक्षक आणि त्याखालच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या-बढत्या पाहण्यासाठी पोलीस आस्थापना मंडळं आली आणि २०१४ च्या दुरुस्तीनं ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही बसली. त्याच अधिनियमात एक कलम घालावं: पदोन्नतीच्या नियमातला कोणताही बदल अधिसूचनेनंतर येणाऱ्या १ सप्टेंबरपासूनच लागू होईल, आणि त्याआधीच्या निवडसूची वर्षात ज्या जागा रिकाम्या झाल्या त्या, समितीची बैठक कितीही उशिरा होवो, त्या वर्षीच्या नियमानं भरल्या जातील. न्यायालयानं नियमच रद्द केला तर गोष्ट वेगळी. तो अपवाद स्पष्ट लिहावा, आणि अशा वेळी आधीच प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांचं काय, हेही तिथेच लिहावं. हे शासन निर्णयानं करून चालणार नाही. जीआर एका सहीनं येतो आणि दुसऱ्या सहीनं जातो. शिवाय वैधानिक नियमांवर प्रशासकीय सूचनांची कुरघोडी चालत नाही हे संत राम शर्मापासून ठरलेलं आहे, तरी दर वेळी तोच खेळ होतो.

यावर मंत्रालयातला अनुभवी माणूस हसून म्हणेल, सरकार मग जागा रिकामी झाल्याचं कागदावर दाखवणारच नाही. शक्य आहे. म्हणून निवृत्तीनं होणाऱ्या रिक्त जागांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच संकेतस्थळावर लावण्याची सक्ती हवी. कोण कधी अठ्ठावन्न वर्षांचा होणार हे नेमणुकीच्या दिवसापासून सेवापुस्तकात लिहिलेलं असतं, त्यात गुप्त काय आहे? आणि ३१ ऑगस्टपर्यंत समिती बसली नाही तर संबंधित सचिवानं कारणं विधिमंडळाच्या पटलावर ठेवावीत. कुणाला शिक्षा करा असं मी म्हणत नाही. नाव आणि कारण छापील स्वरूपात बाहेर आलं तरी बऱ्याच बैठका वेळेवर होतील.

यात एका गटाचं नुकसान आहे, ते लपवत नाही. नवा नियम ज्यांच्या फायद्याचा आहे त्यांना पुढच्या सप्टेंबरची वाट पाहावी लागेल, आणि त्यातले काही त्याआधीच निवृत्त होतील. मर्यादित परीक्षा बंद होऊन पुन्हा सुरू झाली तर वयोमर्यादेच्या काठावरचा एखादा शिपाई त्या एका वर्षात बाहेर पडेल. त्याच्यासाठी वयात एक वेळची सूट देता येईल, पण सगळ्यांचं समाधान होणार नाही. तरी त्याला वाट किती पाहायची ते पहिल्या दिवशी कळलेलं असेल. २०१३ ची अर्हता परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ते कुणीच सांगितलं नव्हतं.